साप चावत नाही हे कळलं, पण हात धुतलेस काय?

बेळगावच्या टिळकवाडीत माझ्या दादाच्या घरी भाच्याने बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला अजगर पाळलाय. हे ऐकलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "चावतो काय?" मग "विषारी काय?" आणि शेवटी "खातो काय?" तिथं चौकशी संपते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या टेबलावर काम करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा होता. त्याची शी कोण काढतं, आणि त्याचं पाण्याचं भांडं कुठल्या नळाखाली धुतलं जातं?

भाच्याने खरं उत्तर दिलं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, रात्री भांडी आवरल्यावर. त्या उत्तरामुळे हे सगळं लिहायला बसलेय.

आधी कायद्याचं सांगून टाकते. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपल्या शिवारातले साप पकडून घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी. तो साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. भाच्याची नोंद झालीय, कागद मी स्वतः पाहिलेत. हा प्राणी वीस-तीस वर्षं जगू शकतो आणि पोरगा त्याचं मनापासून करतो. साप पाळू नकोस असं मला त्याला सांगायचं नाही. मला तो साप स्वयंपाकघरापासून आणि येणाऱ्या बाळापासून लांब हवाय, एवढंच.

सापांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू बिनबोभाट राहतात. सापाला त्यांचा काही त्रास नसतो. तो खातो, कात टाकतो, तुकतुकीत दिसतो आणि तरीही शीमधून जंतू बाहेर टाकत असतो. रोज नव्हे, अधूनमधून. म्हणून एकदा तपासणी निगेटिव्ह आली तर त्या दिवशीच्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत, याच्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. भाचा मला म्हणाला होता, "आत्या, तुझ्या लॅबमध्येच टेस्ट करून टाक की." मी नको म्हटलं. तो रिपोर्ट फ्रीजच्या दारावर चिकटला असता आणि घरातल्या सगळ्यांनी हात धुणं सोडलं असतं. औषध देऊन साप जंतुमुक्त करावा तर तेही होत नाही. अँटिबायोटिकने जंतू पूर्ण जात नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे मागे उरतात.

कासवं, पाली, सरडे, सगळ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं हेच आहे. अमेरिकेत छोट्या पाळीव कासवांमुळे इतकी मुलं आजारी पडली की १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवं विकायलाच बंदी आली. मुलं ती तोंडात घालायची. साप कुणी तोंडात घालत नाही, पण सापावरून फिरवलेला हात तोंडाला लागतोच.

लॅबमध्ये जंतू वाढवायच्या एक्सएलडी नावाच्या लाल माध्यमावर साल्मोनेलाच्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे डोळ्यांना दिसणारे पुंजके, मधोमध काळ्या पडतात. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. त्या वाढवायला आम्ही इन्क्युबेटर ३७ अंशांवर ठेवतो. भाचा साप ठेवतो त्या टाकीची उबदार बाजू ३१-३२ अंशांवर असते, कारण तेवढी ऊब नसेल तर सापाला उंदीर पचत नाही. त्याच टाकीत पाण्याचं पसरट भांडं. साप बरेचदा त्या पाण्यातच शी करतो, हे भाचाच सांगतो. आता ते कोमट पाणी सिंकमध्ये ओतलं. शिंतोडे ओट्यावर उडाले. सकाळी त्याच ओट्यावर दादाच्या डब्यासाठी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर चिरली. भाजी शिजते, तिच्यातले जंतू मरतात. कोशिंबीर कोण शिजवतं? आणि हे जंतू कोरड्या जागेवरही आठवडेच्या आठवडे टिकून राहतात, तेव्हा ओटा सुकला म्हणून काम झालं असं समजू नये.

उंदरांचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. पायथनला घालायचे पांढरे उंदीर गोठवलेले येतात. ते दादाच्या फ्रीझरमध्ये, मटाराच्या पिशवीला खेटून ठेवलेले होते. २०१० च्या सुमाराला अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशाच गोठवलेल्या उंदरांमधून माणसांत साल्मोनेलाची लागण पसरली होती. बर्फात जंतू मरतात हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. ते नुसते थांबतात. आम्ही लॅबमध्ये जंतू वर्षानुवर्षं जपायला फ्रीझरच वापरतो! त्यात आपल्याकडचा पावसाळा, लाईट गेली की तासन्‌तास येत नाही, उंदरांची पिशवी अर्धवट सुटते आणि पाणी खालच्या कप्प्यात ठिबकतं. उंदीर वितळवायलाही स्वयंपाकाचं भांडं किंवा मायक्रोवेव्ह वापरायचा नाही. त्याचा डबा, त्याचा चिमटा वेगळा, आणि ते काम स्वयंपाकघराच्या बाहेर.

हे सगळं आत्ताच एवढ्या तळमळीने सांगायचं कारण माझी भाची. ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येतेय. त्याच घरात माझी आई आहे. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह, आणि रोज सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल बरेचसे जंतू मारून टाकतं. गोळीने ते कमी झालं की थोड्या जंतूंनीही माणूस आजारी पडतो. भाच्यासारख्या धडधाकट पोराला लागण झाली तर सहा तासांपासून सहा दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतील आणि आठवडाभरात तो आपोआप बराही होईल. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या आतड्यातून जंतू रक्तात उतरतात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. त्या बाळाने साप पाहिलेलासुद्धा नसतो. जंतू त्याच्यापर्यंत येतात ते मोठ्यांच्या हातावरून, कपड्यांवरून.

दादाकडे जेवायला बसलो असताना मी हे बोलले तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, मी तर त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही." बरोबर आहे तिचं. पण फ्रीजचं दार तीच उघडते, सिंक तीच घासते. भाचा साप गळ्यात घालून गच्चीवर फिरतो आणि तोच टी-शर्ट घालून सोफ्यावर लोळतो. उद्या त्याच खांद्यावर तो बाळाला ढेकर काढायला घेणार. मामा आहे, घेणारच. मी त्याला सांगितलंय, सापाचा शर्ट वेगळा ठेव. तो घालूनच साप हातात घ्यायचा, काम झालं की उतरवून वेगळा धुवायचा. आणि सापाचा पापा घेतानाचे फोटो बंद.

सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे. पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी घरात असेल तर तिथं सरपटणारे प्राणी ठेवू नयेत. दादाच्या घरात आई आहेच, बाळ येईल. मला विचाराल तर साप मित्राकडे जावा. भाचा म्हणतो, जागा बदलली की तो महिनोन्‌महिने खायचं सोडतो. तेही खोटं नाही, बॉल पायथन तसे हट्टी असतात. शेवटी गच्चीवरची खोली रिकामी केली. तिथं वेगळा नळ आहे, जायचा जिना बाहेरून आहे. उंदरांसाठी जुना छोटा फ्रीझर घेतला. सिंकचं काम त्याच दिवशी बंद झालं. भाची आणि आई वर जाणार नाहीत. माझं मत मात्र अजून पहिलंच आहे आणि दादाला मी ते प्रत्येक फोनवर सांगते.

आता धुण्याचं. टाकीची शी आधी कागदाने उचलायची आणि पिशवीत बांधून टाकायची. मग साबणाच्या पाण्याने टाकी घासायची आणि त्यानंतरच जंतुनाशक लावायचं. बरेच जण थेट ब्लीच ओततात. घाण तशीच असेल तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं आणि खालचे जंतू जिवंत राहतात. लॅबमध्ये नमुना सांडला की आम्ही एक टक्का हायपो, म्हणजे पातळ केलेलं ब्लीचच, वापरतो, दहा मिनिटं तसाच ठेवतो. टाकीला तेच चालतं, फक्त साप बाहेर काढलेला हवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायला हवी. इथं एक हात जोडून विनंती. संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड आपल्याकडे घरोघरी असतं. ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. बादली, ब्रश, हातमोजे सगळं गच्चीवरच राहील, खाली येणार नाही.

हाताला साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली. सॅनिटायझर पाणी नसेल तेव्हापुरता. हात मळलेले असले की त्याचा फारसा उपयोग होत नाही. कात हातात घेतली तरी धुवायचे. सापाची कात पुस्तकात, तिजोरीत जपून ठेवणारी घरं आपल्या भागात आहेत, त्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

पाळीव सापापुरतं हे नाही. नंदगड, जांबोटी, खानापूरकडे पावसात धामण किंवा दिवड घरात शिरली की गल्लीतलं एखादं धाडसी पोरगं ती पकडतं. पकडलेला साप घाबरून अंगावरच शी सोडतो, तो घाणेरडा वास ज्याने घेतलाय त्याला माहितीय. मग फोटो निघतात, साप हातोहात फिरतो, आणि तशाच हातांनी चहा-भजी होतात. पंचमीला गारुडी दारात आला की बायका नागाला हात लावून नमस्कार करतात, लेकरांना पुढे करतात आणि लाह्या-लाडवांचा प्रसाद त्याच हातांनी वाटतात. त्या नागाचे हाल वेगळेच. साप दूध पिणारा प्राणी नाही, त्याला तहानलेलं ठेवून पाजतात. मातीचा नागोबा आणून पूजा करायची आपली रीत किती चांगली आहे! श्रद्धाही राहते, जनावरही सुटतं.

चावण्याचंही थोडक्यात. बिनविषारी साप चावला तरी जखम साबण-पाण्याने नीट धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगायचं. रेबीजची भीती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग. पाण्याच्या भांड्यात मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते सापावरचे माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे असतात. माणसाच्या हातावर त्यांच्यामुळे खाजरे पुरळ येतात. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. रानातला साप कुठला हे ओळखता येत नसेल तर त्याला हातच लावायचा नाही, आणि चावलाच तर थेट मोठ्या दवाखान्यात.

सगळ्यात महत्त्वाचं माझ्या टेबलावरून सांगते. आपल्याकडे ताप चार दिवस राहिला की विडाल नावाची रक्ततपासणी होते आणि "टायफॉइड निघाला" म्हणून गोळ्या सुरू होतात. टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच, पण तो फक्त माणसात राहतो. सापाकडून येणारे त्याचे भाऊबंद वेगळे. विडाल रक्तातल्या प्रतिपिंडांवर चालते आणि ह्या जंतूंचे काही घटक सारखे असल्यामुळे ती फसू शकते. नेमकं काय ते स्टूल कल्चर किंवा ब्लड कल्चर सांगतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो. चार गोळ्या खाऊन झाल्यावर आलेल्या नमुन्यात बरेचदा काहीच वाढत नाही. साध्या जुलाबात धडधाकट माणसाला अँटिबायोटिक लागतही नाही, ओआरएस आणि विश्रांती पुरते. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू शीमधून जास्त दिवस पडत राहू शकतात. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचं नाही. तसंच म्हातारं माणूस मलूल पडलं, शीमध्ये रक्त दिसलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं की घरात साप आहे. ते विचारणार नाहीत. पाण्याचं विचारतील, बाहेरचं खाल्लं का विचारतील, गावाला गेला होता का विचारतील. बेळगावात कुणाच्या गच्चीवर आफ्रिकेतला अजगर असेल हे त्यांच्या मनात येणार तरी कसं? भाचीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ते पेनाने लिहिलंय, आणि बाळाची फाइल झाली की तिच्यावरही लिहिणार आहे.