कार्ड आईच्या नावावर

टी.सी. मागायला आलेलं पोर पैशांचं नाव सहसा काढत नाही. ‘मन लागत नाही’, ‘पुण्याला मावशीकडे जाणार आहे’, ‘घरगुती अडचण’ ही ठरलेली कारणं. मी इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि छात्रवृत्तीचं काम बघते. समुपदेशनाचं टेबलही माझंच, आणि ते एका परीनं बरंच आहे, कारण या दोन कामांना येणारी मुलं बहुतेक वेळा तीच असतात.

त्या दिवशी बी.कॉम. पहिल्या वर्षाची एक मुलगी सुबक अक्षरात लिहिलेला अर्ज घेऊन आली. कारण : घरगुती अडचण. घर पंढरीनाथच्या मागे, आडनाव आपल्याकडचं, म्हणून मी हिंदी सोडून मराठीत विचारलं, “अडचण फीची आहे का गं?”

“नाही मॅडम, मला शिकण्यात रसच नाही.”

जर्नल एन्ट्री वर्गात सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी होणारी मुलगी हे सांगत होती! मी अर्ज ठेवून घेतला आणि चहा मागवला. हळूहळू कळलं की वडील कापड मार्केटात मुनीम होते, ते दुकान बंद पडलं, आता दोन-चार ठिकाणच्या वह्या लिहितात. फीचा दुसरा हप्ता थकला होता आणि घरभाडंही.

आमच्या कॉलेजात उधारीचा विषय निघाला की कुणीतरी किशोर कुमारला मधे आणतंच. तो इथे शिकला, कॅन्टीनचे ५ रुपये १२ आणे राहिले, ही गोष्ट सगळ्या इंदूरला पाठ आहे. मला त्या किश्शाचा हल्ली कंटाळा येतो. मोठ्या झालेल्या माणसाची उधारी ऐकायला गोड लागते, टेबलापलीकडे बसलेल्या पोरीची नाही.

मी योजना चाळायला लागले. मेधावी विद्यार्थी योजनेला एम.पी. बोर्डाचे ७० टक्के लागतात, हिला ६८. ‘गाँव की बेटी’चे महिन्याला ५०० खेड्यातल्या मुलींसाठी, ही भर शहरातली. उरली मुख्यमंत्री जनकल्याण शिक्षा प्रोत्साहन योजना. तिला टक्क्यांची अट नाही, पण आई किंवा वडील श्रम विभागात असंगठित कामगार म्हणून नोंदलेले हवेत, म्हणजे त्यांच्याकडे संबल कार्ड हवं.

“बाबा असलं कार्ड कधीच काढणार नाहीत. आपण काय मजूर आहोत का, म्हणतील.”

“आणि आई काय करते?”

“घरीच असते.” उत्तर जरा जास्तच झटकन आलं. मी काही बोलले नाही. मग ती दाराकडे बघत म्हणाली, “राजेंद्र नगरला दोन घरी पोळ्या करते. पण घरात त्यावर कुणी बोलत नाही.”

दुपारी आईच आली. पोळ्यांची घरं आटोपून आली असावी, बांगड्यांच्या फटीत पीठ तसंच होतं. पिशवीतून तिनं शेवयांचा रिकामा डबा काढला, तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला आणि खालून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं संबल कार्ड माझ्यापुढे ठेवलं. २०१८ मध्ये वॉर्डातल्या शिबिरात शेजारणीबरोबर जाऊन काढलेलं. नवऱ्याला आजतागायत पत्ता नाही.

माझ्या पोटात मात्र गोळा आला. २०१९ मध्ये फेरतपासणी होऊन बरीच नावं अपात्र ठरली होती. पोर्टलवर आईचा समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, टाकला. चकरी फिरत राहिली, कॉलेजचं नेट नेमकं अशाच वेळी झोपतं. शेवटी उघडलं : पात्र.

आता दुसरं लचांड. कार्डावर आईचं माहेरचं नाव आणि मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर सासरचं. आपल्यात लग्नात तांदळात नाव लिहून बाईचं नाव बदलतात, हे पोर्टलला कोण सांगणार? दोन्ही नावं एकाच बाईची, असं शपथपत्र नोटरीकडून करून आणा म्हटलं.

“म्हणजे इतकी वर्षं पोळ्या दोघींनी मिळून लाटल्या म्हणायच्या,” आई म्हणाली, आणि मुलगी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

शपथपत्र झालं, अर्ज भरला गेला. दोन दिवसांनी वडील आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मुलीनं घरी सगळं सांगून टाकलं होतं. बसायचं सोडून ते उभ्यानंच म्हणाले, “यात माझं नाव कुठं आहे?”

“वडील म्हणून आहे. कामगार म्हणून त्यांचं.”

ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. ओरडतील असं वाटलं होतं, पण खुर्ची ओढून बसले आणि फीचा तक्ता मागितला. चष्मा चढवून एकेक रकमेवरून बोट फिरवत गेले. सवयीनं बेरीजही करून पाहिली असावी, ओठ हलत होते. कॉशन मनीवर, म्हणजे अनामत रकमेवर, बोट थांबलं.

“ही शासन देत नाही?”

“नाही. ही आणि मेसची फी सोडून बाकीची देतं. मेस आपल्याला नाहीच.”

त्यांनी खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या.

“ही परत मिळते ना?”

“कॉलेज सोडताना मिळते.”

“मग पावतीवर ‘परतावा देय’ असं लिहून द्या,” ते म्हणाले, “आणि तो टी.सी.चा अर्ज फाईलमधून काढा.”