तुम्ही विचारलेत म्हणून : समुद्रातले प्राणीच का?

"आजारातून उठल्यावर तुम्ही माणसांचे पुतळे सोडून कासवे आणि पाकटे (ते पंखांसारखे पसरट मासे) का करू लागलात, आणि तीही ब्राँझमध्येच का?" प्रदर्शनात असो वा लग्नकार्यात, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. समुद्राने मला बरे केले, असे काहीतरी मी सांगेन अशी अपेक्षा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा दिसते. मला बरे केले ते औषधांनी, वेळेवर झालेल्या निदानाने आणि साडेचार महिने माझ्या उशाशी बसलेल्या धाकट्या जावेने. समुद्रातल्या प्राण्यांची गोष्ट माझ्या बोटांपासून सुरू होते.

मला लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो झाल्या. त्यातले व्हिन्क्रिस्टीन हे औषध नसांवर परिणाम करते, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. तरी तिसऱ्या केमोनंतर बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या आणि पुढे ती टोके बधिरच झाली, तेव्हा मी मनातून खचले. मला ब्लाउजचे हूक लावता येत नव्हते. २२ वर्षे मी मातीत व्यक्तिशिल्पे घडवली होती, आणि आता ओल्या मातीचा गोळा हातात घेतला तर गारव्यापलीकडे काहीच कळत नव्हते. त्यातच फायबरग्लासची धूळ आणि रेझिनचा वास डॉक्टरांनी कायमचा वर्ज्य केला.

उरले मेण. मधमाशांचे मेण, राळ आणि थोडे तेल असे कढवून केलेले ओतकामाचे मेण माझ्या कपाटात पडून होते. या मेणात आकार घडवायचा, त्याभोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ती रीत. त्याचा पाव किलोचा गोळा अंथरुणात बसून मांडीवर घेता येत असे, तो हाताच्या उबेने मऊ होई आणि अंगठ्याची रेघन्‌रेघ उमटवून घेई. बोटाला जे कळत नव्हते ते मेणावरचा ठसा डोळ्यांना सांगत असे: दाब किती पडला, कुठे घसरला, कुठे पोहोचलाच नाही. एकदा तापवलेल्या सुरीला बोट लागून राहिले आणि मला ते रात्री फोड आल्यावर समजले. तेव्हापासून सुरी तापवताना जाऊबाई समोर बसू लागल्या.

विश्रांतीसाठी मी माहेरी, आंजर्ल्याला गेले होते. मार्चमध्ये भाऊ मला वेळासच्या समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेला. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की पिल्ले वाळूवरून पाण्याकडे निघतात. जेमतेम चार सेंटिमीटर पाठीची ती पिल्ले एकेक पाय आळीपाळीने टाकत, पोट घासत, थांबत थांबत चालली होती. मीही तेव्हा तशीच चालत होते, कारण तळव्यांना जमीन कळत नसल्यामुळे प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागे. लाट आली, पिल्लू उचलले गेले आणि त्याच क्षणी त्याची चाल बदलली. आळीपाळीने पडणारे पुढचे दोन्ही पाय एकदम, पंखांसारखे, वर-खाली होऊ लागले. शरीर तेच, पाय तेच, पण वजन पाण्याने घेतल्याबरोबर हालचालीचे व्याकरणच निराळे झाले. शिल्पकार म्हणून मी आयुष्यभर वजन पायांतून जमिनीवर कसे उतरते याचाच अभ्यास केला होता. त्या दिवशी पहिल्यांदा, ज्याचे वजन दुसऱ्या कोणीतरी घेतले आहे अशा शरीराची घडण मला करून पाहावीशी वाटली.

मग ब्राँझच का, हलके काहीतरी का नाही? फायबरग्लासचे कासव तरंगते ठेवणे सोपे आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते काही सांगत नाही. मेणाच्या जागी धातू आला की वजन नऊ-दहा पटींनी वाढते. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तही मेण आधी तोलून त्यावरून धातूचा अंदाज घ्यायला सांगितले आहे. केमोच्या दिवसांत मुंबईला जाणे होई, तेव्हा एकदा मी वस्तुसंग्रहालयात दायमाबादचे धातूचे प्राणी पुन्हा पाहिले. १९७४ मध्ये प्रवरेकाठी सापडलेल्या आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या त्या चार वस्तू भरीव ओतलेल्या आहेत आणि त्यांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक आहे. तो हत्ती, तो गेंडा आपले सगळे वजन पायांवर शांतपणे पेलून उभे आहेत, आणि धातूला हेच शोभते हे मला मान्य आहे. माझ्या कासवाला मात्र पोटाखाली पाय नाहीत. पहिल्या कासवाला मी पोटाखालून सळई दिली, तर ते खिळ्याला टांगल्यासारखे दिसू लागले. मी ते मोडले. आता पुढच्या एकाच वल्ह्यासारख्या पायाचे टोक जांभ्याच्या दगडात रुतवते. ते वल्हे भरीव आणि बाकीचे अंग चार-पाच मिलिमीटर जाडीचे पोकळ ठेवते, म्हणजे सात किलोंचे कासव तेवढ्यावर तोल धरते.

सध्या पाकट चालू आहे. त्यासाठी मी हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी दोन तास बसून पाकटाची कड पाहिली. मधले अंग जाड असते आणि बाहेर जाता जाता ते इतके पातळ होते की शेवटी उजेड आरपार दिसतो. मेणात ते साधते, पण धातू अशा कडेपर्यंत पोहोचण्याआधीच गोठतो. पहिल्या ओतकामात उजव्या कडेचा नखाएवढा तुकडा आलाच नाही, दुसऱ्यात डावी कड जाळीसारखी झाली. ओतकाम करणाऱ्या काकांनी सुचवले की धातू आत जाण्याची वाट करणाऱ्या मेणाच्या नळ्या पाठीवर न जोडता थेट कडेलाच जोडाव्यात, कड दुप्पट जाड ओतावी आणि ती नंतर खालच्या बाजूने छिन्नीने उतरवावी. तसे तिसरे मेण तयार आहे. त्याची कड मी उजव्या अंगठ्याने तपासली, कारण डाव्या हाताची शेवटची दोन बोटे अजून बधिर आहेत. पुढच्या आठवड्यात भट्टी लागेल.