भरतच्या विंगेत

आज कामासाठी सदाशिव पेठेत गेलो आणि पाय आपसूक भरत नाट्य मंदिराकडे वळले. पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू आहे. फाटकापाशी पोरं घसा फोडून ओरडत होती, "अरे आव्वाज कुणाचा!" १९६३ पासूनची ही स्पर्धा, आणि अजून तीच रग. फार बरं वाटलं.

कॉलेजात असताना याच स्पर्धेतल्या आमच्या एकांकिकेत मी म्हातारा पोस्टमन होतो. सहा वाक्यं, दोन महिने तालमी. तिसरी घंटा झाली आणि पहिलंच वाक्य आठवेना. विंगेत प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळणाऱ्या मित्राने काही न बोलता माझा हात घट्ट धरला. प्रकाशात पाऊल टाकलं, वाक्य आलं.

करंडक मिळाला नाही. तो मित्र गेल्या वर्षी गेला. आज फाटकापाशी त्याचा तो घामेजलेला तळवा आठवत कितीतरी वेळ उभा होतो.