बूट होत नाही, म्हणजे नेमकं कुठे अडतंय?

शनिवार, रात्री

वाचनालयाला दान मिळालेले लॅपटॉप आज आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडले. देणाऱ्या ऑफिसचं गणित सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. यातला एकही त्यात बसत नाही, म्हणून दान. ग्रंथपाल काकांनी रीतसर पावती दिली, नारळ दिला, फोटो काढला. चार्जर निम्म्यांचेच आले आहेत, हे फोटोत दिसत नाही.

सगळ्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली, टाकायचं ठरवलंय. वायफाय आणि ग्राफिक्सचं कंपन्यांच्या मालकीचं फर्मवेअर (ते भाग चालवणारा, खुला नसलेला प्रोग्राम) आवृत्ती १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधी ते दुसऱ्या पेनड्राइव्हवरून भरवताना किती संध्याकाळी गेल्या असतील, देव जाणे. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी चक्क मतदान घेऊन हे ठरवलं. फक्त मुक्त सॉफ्टवेअर द्यायचं या तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही जण अजून नाराज आहेत. मी नाही.

एक यंत्र लगेच बाजूला काढलं. पेंटियम एम, २००४च्या आसपासचं, ३२ बिटी, म्हणजे आताच्या ६४ बिटीच्या आधीच्या धाटणीचं. डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. जुनी आवृत्ती शोधून, कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) ‘फोर्सपीएई’ ही सूचना देऊन ते उठवता येईलही. पण मग आजचा ब्राउझर त्यावर उघडेपर्यंत वाचक घरी जाऊन जेवून येईल. काकांना सांगितलं, हे शोकेसमध्ये ठेवा.

शेजारचा अकरावीतला मुलगा मदतीला आहे. उत्साही आहे, मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहून आलाय. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: “ताई, परत इन्स्टॉल करू का?”

रविवार

आज कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा लॅपटॉप. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’, पुढे जायला एफ१ दाबा. तारीख १ जानेवारी २००८. याला बूटचा, म्हणजे यंत्र सुरू होण्याचा, बिघाड म्हणायचं की नाही हा वाद घालता येईल, पण त्रास तिथूनच सुरू होतो. बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मुळातल्या प्रोग्राममध्ये) जाऊन पेनड्राइव्हला पहिला नंबर द्यायचा, बंद करायचं, चार्जर काढायचा, पुन्हा चालू केलं की ते सगळं विसरलेलं. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, आत शिरलो तर ब्राउझर एकही साइट उघडेना. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून वैधच झालेलं नाही म्हणे. २००८ सालातल्या यंत्राच्या दृष्टीने ते खरंही आहे.

घड्याळ आणि सेटिंग जपणारा आतला सेल बदलला. सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा. पण लॅपटॉपमध्ये तो बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेला आणि दोन वायरींवर लोंबणारा असतो, त्यामुळे घड्याळवाल्याकडचा सुटा सेल तसाच बसत नाही. रॅमच्या झाकणाखाली सापडला. काम झालं.

मग खरी गंमत. जुन्या हार्डडिस्कच्या जागी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली वापरलेली एसएसडी बसवली होती. इन्स्टॉल अगदी शेवटपर्यंत सुरळीत, आणि ग्रब (लिनक्सला उठवणारा बूटलोडर) बसवताना लाल पडदा. मुलाचा हात लगेच ‘परत’कडे. म्हटलं थांब, आधी चौथ्या कन्सोलवर, म्हणजे नोंदी दाखवणाऱ्या पडद्यावर, जाऊन इन्स्टॉलर काय म्हणतोय ते वाच. तिथे लिहिलं होतं की या डिस्कवर जीपीटी तक्ता (पार्टिशन म्हणजे डिस्कचे कप्पे, ते नोंदवायची नवी पद्धत) आहे, पण बायोस बूट पार्टिशन नाही.

मला हा भाग नेहमीच मोहात पाडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुना बायोस डिस्कचा फक्त पहिला सेक्टर वाचतो. ५१२ बाइट, बस्स. त्यातले ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे २ ओळखीच्या खुणेला. प्रोग्रामसाठी उरतात ४४६. एवढ्या जागेत फाइल सिस्टिम वाचणारा प्रोग्राम मावत नाही. म्हणून ग्रब तिथे फक्त एक छोटा तुकडा ठेवतो. त्याचं काम एकच: पुढचा तुकडा कुठे आहे ते माहीत असणं आणि तिकडे उडी मारणं. हा पुढचा तुकडा जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या सेक्टरच्या आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या मोकळ्या जागेत लपवलेला असतो. जीपीटीमध्ये ती जागा तक्त्यानेच व्यापलेली असते, तेव्हा त्याला स्वतःचं छोटंसं पार्टिशन द्यावं लागतं. १ एमबी पुरते. ही एसएसडी आधी कुठल्या तरी यूईएफआयवाल्या (बायोसनंतरच्या पद्धतीच्या) यंत्रात असणार. तिथे या पार्टिशनची गरजच नव्हती, आणि तक्ता मात्र तसाच राहिला.

हे समजलं की पडद्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे एसटी कुठल्या थांब्यावर अडकली त्याची खबर वाटते. काहीच न दिसता कर्सर लुकलुकतोय, म्हणजे पहिल्या तुकड्यापर्यंतही नीट पोचलो नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ आलं, तर दुसरा तुकडा जागा झालाय पण त्याला आपलं सामान, म्हणजे बूट फोल्डर, सापडत नाही. नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे टोकदार कंस, तर सामान मिळालं, मेन्यूची फाइल नाही. ‘इनिटरामएफएस’ असा कंसातला शब्द आला, तर कर्नल व्यवस्थित उठलाय आणि मुख्य पार्टिशन शोधतोय. या चारही ठिकाणची औषधं वेगळी. शेवटच्या प्रकारात तर कित्येकदा एक ‘एफएससीके’ (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवून, प्रश्नांना होकार देऊन काम भागतं. तिथे पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे आतल्या फाइलींवर विनाकारण पाणी सोडणं.

मुलाने स्वतः ते १ एमबीचं पार्टिशन पाडलं. उठलं यंत्र.

सोमवार

ऑफिस. रात्री फक्त पेनड्राइव्ह पुन्हा लिहिला, कारण पुढचं यंत्र तो दाखवतच नव्हतं. मग लक्षात आलं, तो निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत होता. त्या काळच्या काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरला बूट करताना ती खाच दिसतच नाही. काळ्या खाचेत लावला, आला.

मंगळवार

तिसऱ्या पिढीचा आय३. इथे बायोस जाऊन यूईएफआय. पेनड्राइव्हवरून उठला, इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं: ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

यूईएफआयला ५१२ बाइटांची अडचण नाही. डिस्कवर एक फॅट३२ पार्टिशन असतं, त्यात साध्या फाइली, आणि मदरबोर्डच्या मेमरीत ‘अमुक फाइल चालव’ अशी नोंद. इन्स्टॉलर ती नोंद बरोबर करतो. पण काही फर्मवेअर इतकं आळशी लिहिलेलं असतं की ते नोंद पाहतच नाही. विंडोजची ठरलेली फाइल शोधतं, नाहीतर ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरमधली ‘बूटएक्स६४.ईएफआय’. या दोन्ही नसतील तर सरळ हात वर.

उपाय डेबियनवाल्यांनी इन्स्टॉलरच्या रेस्क्यू मोडमध्येच ठेवलाय: ग्रब ‘रिमूव्हेबल मीडिया’च्या जागी सक्तीने बसवा. म्हणजे त्या आळशी फर्मवेअरला जिथे पाहायची सवय आहे, नेमकी तिथेच एक प्रत ठेवायची. माणसांशी वागतानाही मी हेच करते, पण ते असो.

मुलाचं म्हणणं होतं, आधी सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेला बूटलोडर रोखणारी सोय) बंद करायला हवं होतं, सगळ्या व्हिडिओत तेच सांगतात. सांगतात खरे. पण डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, त्यांचा बूटलोडर स्वाक्षरीसह येतो आणि सिक्युअर बूट चालू ठेवूनही उठतो. दोष तिथे असेल तर पडद्यावर सुरक्षेचा भंग झाल्याचं स्पष्ट लिहून येतं. न वाचता सगळे खटके खाली पाडायचे, आणि मग कशाने चाललं ते कळायचंच नाही, ही पद्धत मला पटत नाही. (या यंत्रावर तो खटका करडाच होता. आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवा, मगच बदलू देणार. ठेवला असता तर तो झाकणाच्या आत चिकटवून ठेवायला लागला असता.)

ग्रब आला, ओळी धावल्या आणि पडदा काळाकुट्ट. इथे सगळे ‘नोमोडसेट’ सांगतात, म्हणजे कर्नलला म्हणायचं की ग्राफिक्सच्या भानगडीत पडू नकोस. आधी कॅप्स लॉक दाबून पाहिला. दिवा लागतो, विझतो, म्हणजे आत सगळं जिवंत आहे. मग मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला, तर लॉगिनची चौकट अंधुक दिसत होती! चित्र होतं, मागचा उजेडच नव्हता. ग्रबच्या मेन्यूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘एसीपीआय बॅकलाइट’ समोर ‘व्हेंडर’ लिहिलं, एफ१० दाबलं, उजेड पडला. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरती असते, म्हणून नंतर ग्रबच्या मूळ सेटिंगमध्ये लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवलं.

टॉर्चची युक्ती मुलाने लगेच व्हिडिओ काढून मित्रांना पाठवली.

शुक्रवार

राहिलेला लहानगा, २०१५च्या सुमाराचा. ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठा. प्रोसेसर ६४ बिटी, फर्मवेअर ३२ बिटी. असा जोड कुणाला कशासाठी सुचला असेल हा प्रश्न आहेच. पेनड्राइव्हकडे हा ढुंकूनही पाहत नाही, कारण त्याला ‘बूटआयए३२.ईएफआय’ नावाची फाइल हवी असते. पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यावर इन्स्टॉलरच्या फाइली उतरवल्या आणि ती फाइल ‘बूट’ फोल्डरमध्ये आहे याची खात्री केली. ३२ बिटी फर्मवेअरवरून ६४ बिटी कर्नल उठवण्याची सोय लिनक्समध्ये २०१४ च्या ३.१५ पासून आहे, तेव्हा पुढचं फारसं अडलं नाही. ग्रब मात्र ३२ बिटी ईएफआयचाच बसवावा लागतो.

हलका एलएक्सक्यूटी डेस्कटॉप टाकला. एकावेळी ब्राउझरच्या दोन टॅब, त्यापुढे नाही.

काकांनी संध्याकाळी येऊन पाहिलं. बूटचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. “मराठी टाइप होतं का त्यात?” होतं, इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी डेबियनमध्ये आहेच. पण काकांचा हात जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेला, त्यांना तीच हवी. उद्या ते बघायचं. आणि दोन चार्जर आणायचे, एक १९ व्होल्टचा, एक बारीक पिनचा.