आरशाच्या ब्रॅकेटवरची काठी

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यात एक ठेकेदार अवजड ट्रान्सफॉर्मर नेणारा ट्रेलर आणि त्याची पायलट जीप घेऊन आला. दोन्हींत 4 वॅटचे सीबी सेट, म्हणजे गाडीगाडीत बोलायचे वायरलेस. ट्रेलरची अँटेना आरशाच्या ब्रॅकेटवरची काठी, जीपची चुंबकाने टपाला चिकटणारी.

"काहून हो भाऊ, ट्रेलरवर एवढी लांब काठी लावली, तरी आवाज जात नाही. जीपवरची टिल्ली चुंबकवाली बरी!"

27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटरची. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पावणेतीन मीटर, ही अँटेनाची खरी लांबी. एवढी उंच काठी केबिनवर कोण मिरवणार? म्हणून तार गुंडाळून काठी आखूड करतात. चुंबकवालीत ती गुंडाळी बुडाशी असते, फायबरच्या काठीत अंगभर. काठी लांब तेवढी बरी, हे खरंच. मग इथे उलटं कसं?

एसडब्ल्यूआर मीटर लावला, अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा; 1 म्हणजे काहीच परत नाही. पहिल्या चॅनेलवर काटा चढला असता तर अँटेना आखूड, चाळिसाव्यावर चढला असता तर लांब. इथे दोन्हीकडे 3 च्या पुढे, लालमध्ये. 3 ला पाव ताकद परत येते, इथे त्याहून जास्त. सेट हाताला चटका देत होता.

ती चुंबकवाली जीपवरून काढून ट्रेलरच्या टपावर ठेवली. काटा झटकन दीडवर! तेव्हा ब्रॅकेटकडे पाहिलं. केबिन बॉडीवाल्याने बांधलेली, आत लाकूड, वर पत्रा. आरशाचं ब्रॅकेट लाकडात ठोकलेलं, वर ऑइलपेंटचे चार हात. अँटेनाचा अर्धा भाग काठी, अर्धा गाडीचं लोखंड, आणि इथे दुसरा अर्धा गायबच. चुंबकाचं रुंद बूड पत्र्याला चिकटतं, रंग मधे असला तरी कपॅसिटरसारखं, धातू धातूला न टेकताही, काम भागतं. नट-बोल्टला ती सवलत नाही.

काठीला बांधलेली लिंबू-मिरची सोडवली, पॉलिश पेपरने ब्रॅकेट चकाकेपर्यंत घासलं, ब्रॅकेटपासून तारेची रुंद विणलेली पट्टी थेट पत्र्याला कसली. काटा 1.4 वर. चुंबकवाली परत जीपवर, आणि जीप बुटीबोरीकडे पिटाळली. आधी किलोमीटरभरात खरखर व्हायची. आता सहा किलोमीटरवरून ड्रायव्हर चहाची ऑर्डर विचारत होता.

ठेकेदाराला मग दोन्ही आरशांवर काठ्यांची जोडी हवी झाली. जोडीला मधे नऊएक फूट अंतर लागतं, आरशांमधे तेवढं मिळत नाही. "कायले पैसे घालता?" म्हटलं.

ड्रायव्हरने लिंबू-मिरची पुन्हा आणली. काठीला नको, आरशाला बांध, एवढंच सांगितलं.