‘आय अॅग्री’ दाबण्याआधी

नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात बिल करताना पहिला प्रश्न येतो, "मोबाईल नंबर सांगा." रोख पैसे देणारेही सांगून मोकळे होतात. सांगायची गरज नाही. नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना मे २०२३ मध्येच कळवलं आहे. "नंबर नाही द्यायचा, कागदी बिल द्या," एवढं शांतपणे म्हणा.

अॅप हाच प्रश्न विचारतं, फक्त समोर माणूस नसतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट हवी. देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं हवं. कायद्यातच एक उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या अॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हटलंत, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते, कारण सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लागतच नाहीत. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. संमती मागतानाची सूचना मराठीत वाचायचा पर्यायही कंपनीला द्यावा लागेल. पण या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची ही कलमं मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर राखण आपली आपणच करायची.

प्रायव्हसी पॉलिसी, म्हणजे तुमच्या माहितीचं काय करणार हे कंपनी जिथे लिहिते ते पान, अख्खी वाचत बसू नका. ब्राउझरमध्ये उघडा, वरच्या तीन ठिपक्यांतून पानात शब्द शोधायची सोय घ्या आणि ‘शेअर’, ‘अॅफिलिएट्स’ (संलग्न कंपन्या), ‘रिटेन’ (माहिती ठेवून घेणं), ‘डिलीट’ हे शब्द इंग्रजीत टाका. ‘शेअर’जवळ ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ (यांच्यासह, पण एवढ्यांपुरतंच नाही) दिसलं, तर पुढची यादी अपुरी आहे असं समजा. त्या यादीबाहेरच्यांनाही माहिती द्यायची वाट कंपनीने मोकळी ठेवलेली असते. ‘रिटेन’पाशी महिने-वर्षं न लिहिता ‘गरज असेपर्यंत’ लिहिलं असेल, तर गरज कुणाची हे विचारा. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’ हा भाग अॅप बनवणाराच भरतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

कर्जाच्या अॅपला वेगळा नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून या अॅपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फाइल्सना हात लावायला मनाई केली आहे. केवायसीपुरता, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यापुरता, कॅमेरा किंवा लोकेशन एकदा मागू शकतात, तेही विचारून. कॉन्टॅक्ट मागितले की तिथेच थांबा. वसुलीच्या वेळी नातेवाइकांना जे फोन जातात, ते याच यादीवरून.

पॉलिसीला ‘हो’ म्हणणं आणि फोनची परवानगी देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ शोधा. लोकेशन उघडलं की ‘नेहमी’ परवानगी असलेली अॅप वेगळी दिसतील. टॅक्सीच्या अॅपला ‘वापरताना’ पुरतं. हवामानाच्या अॅपचं ‘अचूक लोकेशन’ बंद केलं तरी नागपूरचं तापमान बरोबर दिसतं.

अॅप काढून टाकलं म्हणजे माहिती पुसली गेली, असं नव्हे. ती कंपनीच्या सर्व्हरवर तशीच राहते. आधी अॅपमधून अकाउंट डिलीट करा, मग अॅप काढा. सिम बंद करायचं असेल तर हे त्याआधीच उरका, कारण डिलीट करतानाचा ओटीपी जुन्याच नंबरवर येतो आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.