आबांचा पासपोर्ट आणि हनोईची समाधी

आमच्या आबांना परदेश बघायचा नव्हता. त्यांना एक मेसेज खरा की खोटा, तेवढं बघायचं होतं.

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या त्यांच्या सकाळच्या कंपूत तो वर्षातून दोन-चारदा फिरतोच. व्हिएतनामचे पहिले अध्यक्ष हो ची मिन्ह यांच्या हनोईतल्या समाधीवर म्हणे ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरलंय. मी सांगितलं, आबा, असं काही नाही. आबा एसटीत कंडक्टर होते, तिकीट हातात घेऊन बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला पुढं सोडलं नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “तू गेलतास का?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला आठ महिने लागले.

त्यातले पाच पासपोर्टनं खाल्ले, आणि चूक आमचीच. शाळेच्या दाखल्यावर आबांची जन्मतारीख १ जून. (त्या पिढीत आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, गुरुजींची कृपा.) आधारवर मात्र १ जानेवारी. शिवाय आबांच्या नावात ‘ज्ञानदेव’ येतं. हा ‘ज्ञ’ इंग्रजीत आधारवर डी-एन-वायनं लिहिलेला, पॅनवर जी-वायनं. मी हे काही न बघता फॉर्म भरला, अपॉइंटमेंट घेतली आणि आबांना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून घेऊन गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, पेनाचं टोक आधी तारखेवर आणि मग नावावर टेकवलं, आणि आम्ही परत.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांचा पासपोर्ट काढणार असाल तर आधी आधार, पॅन आणि दाखला एका टेबलावर पसरा आणि एकेक अक्षर जुळवा. फॉर्म नंतर. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सूट आहे, आम्हाला १,५०० ऐवजी १,३५० रुपये पडले. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले तेव्हा आबांनी त्यांनाही तो मेसेज दाखवला. त्यांच्याकडंही आलेला होता.

या गडबडीत माझ्या स्वतःच्या पासपोर्टची मुदत चारच महिने उरलीय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. व्हिएतनामला किमान सहा महिने शिल्लक लागते. मग माझाही नवा.

व्हिसा घरबसल्या होतो. एकदा जायचं असेल तर २५ डॉलर, आणि ९० दिवसांपर्यंत राहता येतं. पण शोधायला गेलं की सरकारी वेबसाइटच्या आधी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याच वर येतात आणि ‘अर्जंट’ म्हणून तिप्पट-चौपट मागतात. तिथं मी सावध राहिलो आणि स्वतःच्या अतिशहाणपणात अडकलो. आबांच्या पासपोर्ट क्रमांकातला एक आकडा चुकला. भरलेली फी परत मिळत नाही, नवा अर्ज, नवे २५ डॉलर. दुसऱ्या वेळी आबांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि मी टाइप केला.

मुंबईहून हनोई साधारण पाच तास. साताऱ्यात व्हिएतनामी डाँग कुठं मिळणार, म्हणून डॉलर नेले, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. तिथं बदलल्यावर मी गोंधळलो. रुपयाला साधारण तीनशे डाँग, म्हणजे चहाच हजारांत. त्यात २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळी. अंधारात टॅक्सीवाल्याला चुकून दिली की गेलीच. आबांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं, नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात लावल्या, लहान पुढं, मोठ्या मागं. सात दिवस हिशेब त्यांच्याकडं होता आणि एकदाही चुकला नाही.

आबा माळकरी, त्यामुळं खाण्याची धास्ती होती. तिथं भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, त्याला ‘नुओक माम’ म्हणतात. ‘भाजी आहे’ एवढ्यावर विसंबू नका. शाकाहाराला तिथला शब्द ‘चाय’. पाटीवर तो दिसला की बिनधास्त आत जा. पहिल्या दिवशी आबा चहा समजून आत गेले आणि टोफू-भात खाऊन बाहेर आले.

समाधी सकाळीच उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. दरवर्षी देखभालीसाठीही काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा तारीख बघूनच तिकीट काढा. अर्धी चड्डी चालत नाही. आत कॅमेरा नाही, बोलायचं नाही, टोपी काढायची, हात खिशात घालायचे नाहीत. आबांनी गांधी टोपी काढून छातीशी धरली. काचेच्या पेटीत १९६९ साली गेलेला तो माणूस झोपल्यासारखा. रांग थांबत नाही, दोन मिनिटांत आपण बाहेर.

बाहेर आल्यावर आबा चौकाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि वळून वर बघितलं. दगडावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ. तिथल्या एका विद्यार्थ्यानं इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत: ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’. बस्स. आबांनी फोटो काढायला लावला. चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही, तिकीट तपासून झाल्यावर दिसायचा तसाच चेहरा.

मला वाईट वाटलं, म्हणून मध्य व्हिएतनाममधल्या दा नांगला गेल्यावर त्यांना ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी नेलं. ही तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून तिथं देवळं बांधली जात होती. बरेच शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बनी बरीचशी पाडली, १९९९ मध्ये जागतिक वारसा झाला. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं दुरुस्तीचं काम करत होती आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सकाळी लवकर जा, नंतर ऊन आणि बसगाड्या दोन्ही वाढतात. आबांनी चपला बाजूला काढल्या, खिशातला कंदी पेढा एका पडक्या चौथऱ्यावर ठेवला आणि विचारलं, “ह्याचा मेसेज कसा कुणी पाठवत नाही रं?”

परत आल्यावर कंपूच्या ग्रुपवर त्यांनी समाधीचा फोटो टाकला. अर्ध्या तासानं एकाचं उत्तर आलं, हा बाहेरचा फोटो आहे, मावळ्याचं आत लिहिलंय.

आबांनी टाइप केलं नाही, फोनच लावला. “आरं, आत मी गेलतो.”